बेंबीवरचं माप

तो मंगळवार कुठल्याही मंगळवारसारखाच होता. नोव्हेंबरचा मध्य, समुद्राकडून सुटलेला वारा, आणि सकाळचे नऊ वाजून गेले तरी स्वयंपाकघरातला दिवा चालूच. मॅग्नस गन यांनी लापशी संपवली, वाटी खरवडली, चमचा वाटीत उभा राहतो का ते पाहिलं. तो पडला, तेव्हा ते रोजच्यासारखे म्हणाले, "पातळ झाली."

"मग संपवलीत कशी?" ईना म्हणाली.

"पातळ होती म्हणून."

ईना त्यांची मुलगी. वय त्रेचाळीस. आठवड्यातले तीन दिवस ती जवळच्या विक गावातल्या वाचनालयात जायची, उरलेले घरी. मंगळवार घरचा. तिनं वाटी उचलून धुण्याच्या भांड्यांत ठेवली, हात पुसले आणि टेबलावरचा लॅपटॉप उघडला.

गेले तीन आठवडे बापलेकीचा एकच उद्योग चालला होता, तो म्हणजे स्वस्तातला किल्ट, पुरुषांनी समारंभाला कमरेला गुंडाळायचा चुणीदार लोकरी घागरा, शोधणं. समोरच्या घरात राहणाऱ्या जेसिनाआत्याच्या नातवाचं लग्न ईस्टरला इन्व्हर्नेसमध्ये ठरलं होतं, आणि होणाऱ्या नवरीनं हट्ट धरला होता की मुलाकडच्या प्रत्येक पुरुषानं आपापल्या कुळाच्या चौकडीचा किल्टच घालायचा. भाड्यानं देणाऱ्या दुकानात चार चौकड्या होत्या, त्यांत गन कुळाची नव्हती. इन्व्हर्नेसच्या शिंप्यानं हातशिलाईचा, आठ वारी किल्ट साडेसहाशे पौंडांना सांगितला, तेव्हा मॅग्नस फोनवर त्याला म्हणाले होते, "मला एकच पाहिजे, अख्ख्या पलटणीला नको."

त्यांचा स्वतःचा किल्ट होता एके काळी. मर्डोच्या, म्हणजे थोरल्या मुलाच्या, एकविसाव्या वाढदिवसाला तो त्यांनी त्याला दिला. किल्ट बापाकडून मुलाकडे जातो. तसा तो गेला, आणि दोन वर्षांनी मर्डोबरोबर कॅनडाला गेला. ईनाच्या वाट्याला किल्ट येण्याचा प्रश्न नव्हता. "मुलाकडे किल्ट गेला, मुलीकडे बाप आला," असं गावात लोक म्हणायचे. हसून म्हणायचे, आणि त्यात तिचं कौतुकच असायचं.

"हे बघा," ईना म्हणाली. "एकोणनव्वद पौंड. मेनलँडवर पोच फुकट."

"म्हणजे झालंच की."

"आपल्याला चौदा पौंड जादा."

"का?"

"आपला पिनकोड मेनलँडमध्ये धरत नाहीत."

मॅग्नस यांनी खिडकीबाहेर पाहिलं, जणू रात्रीत कोणी कालवा खणून गेलं आहे का ते बघत होते. "इथून निघालो तर पाय ओले न करता मी लंडनपर्यंत चालत जाईन."

"तुम्ही? शेडपर्यंत जाताना दोनदा थांबता."

"थांबतो. पण ओला होत नाही."

तिनं दुसरं पान उघडलं. हिरवी, निळी, काळी चौकडी. "हे त्र्याहत्तरला आहे. अगदी आपल्यासारखंच."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, पडद्याला नाक लावलं, आणि मागे सरकले. "लाल रेघ कुठाय?"

"बारीक असेल. दिसत नसेल."

"नाहीच आहे. ते कीथांचं आहे, पोरी! पाचशे वर्षं ज्यांनी आपली माणसं कापली, त्यांचं कापड गुंडाळून मी लग्नाला जाऊ?"

"त्यांच्याशी समेट झालाय, बाबा. दोन्हीकडच्या सह्या झाल्यात कागदावर."

"सह्या झाल्यात. सोयरीक नाही झालेली."

ती हसली. अशा सकाळी तिला आवडत. आवडत, आणि त्यांत तिला श्वासही घेता येत नसे. दोन्ही एकाच वेळी. हे कोणाला समजावून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितलेली नव्हती.

बारा वर्षांपूर्वी ती एडिंबरात शाळेत भूगोल शिकवत होती. आठ वर्षं शिकवत होती. बरं शिकवायची. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती शाळेच्या फाटकाबाहेर गाडीत बसली, आणि दार उघडायला हात पुढे जाईना. दुखत नव्हता, फक्त जात नव्हता. घंटा झाली. मुलं आत गेली. दुसरी घंटा झाली. मग तिनं गाडी चालू केली आणि उत्तरेचा रस्ता धरला. सहा तासांनी ती लिब्स्टरला, या घराच्या दारात पोचली. पुढचे दिवस ती घराबाहेर पडलीच नाही, आणि समोरची आत्या तेव्हा महिनाभर लेकीकडे इन्व्हर्नेसला होती.

त्यानंतर अकरा दिवसांनी मॅग्नस शेडमध्ये कोसळले. अर्धांगाचा झटका होता. दोन महिने इस्पितळात गेले. माणूस परत आला, डावा हात अर्धा परत आला, पण झटक्याच्या आगेमागचे काही आठवडे त्यांच्या डोक्यातून पुसून गेले ते गेलेच. आणि गावातल्या लोकांनी, इस्पितळाच्या वाटेवर, दुकानात, चर्चच्या पायरीवर ईनाला विचारलं, "बाबांसाठी आलीस होय?" पहिल्यांदा ती दमलेली होती म्हणून काही बोलली नाही. दुसऱ्यांदा, पहिल्यांदा बोलली नव्हती म्हणून. पुढे कोणी विचारीनासंच झालं. लोक आपणच एकमेकांना सांगू लागले की पोरीनं नोकरी सोडली, शहर सोडलं, बापासाठी आली. मॅग्नस यांनीही ते लोकांकडूनच ऐकलं आणि खरं मानलं. त्यांना दुसरं काही आठवतच नव्हतं.

तेव्हापासून ते घर दोघांभोवती मिटलं होतं. त्यांना वाटायचं, आपण मुलीला कोंडून ठेवलंय. तिला ठाऊक होतं की तसं नाही, आणि ती ते म्हणत नव्हती. जावंसं तिला पुष्कळदा वाटलं. पण काय सांगून जायचं? न सांगता गेली, तर आजारी बापाला टाकून गेली असं झालं असतं. सांगून गेली, तर इतकी वर्षं बापाला अपराधी वाटू देत बसली होती, हे आधी कबूल करावं लागलं असतं. दोन्ही दारांना तिनंच आतून कडी घातली होती.

"सियालकोट," मॅग्नस बारीक अक्षर वाचत म्हणाले. पहिल्या, एकोणनव्वदच्या पानावर ते परतले होते. "सियालकोटात शिवलाय हा. तिथल्या शिंप्याला माहितीय का, गन म्हणजे कोण?"

"त्याला तुमची कंबर माहीत असली की पुरे."

"छत्तीस. लिही."

"ती पॅन्टची. तुमची पॅन्ट पोटाखाली बसते. हे बेंबीवर मोजा म्हणतात."

"मला किल्ट शिकवतेस? मी किल्ट घालून नाचत होतो तेव्हा तू जन्मली नव्हतीस."

"तेव्हा तुमचं पोटही जन्मलं नव्हतं. उभे राहा."

आईच्या शिवणाच्या डब्यातून तिनं मापाची फीत काढली. मॅग्नस टेबलाला उजवा हात टेकून उभे राहिले, स्वेटर वर धरून. ईना त्यांच्या पुढ्यात उभी राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की फीत पाठीमागून आणायची तर दोन्ही हात त्यांच्याभोवती घालावे लागणार. त्या घरात कोणी कोणाला मिठी मारत नसे. मर्डो कॅनडाला निघाला तेव्हासुद्धा बापानं त्याच्याशी हस्तांदोलन केलं होतं. तिनं हात घातले. गाल त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापाशी आला. दाढीच्या साबणाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. फीत पाठीमागे एका हातातून दुसऱ्या हातात जाईना.

"सापडलं का?" ते वरून म्हणाले. "की इन्व्हर्नेसहून माणूस बोलवायचा?"

"हलू नका."

फीत पुढे आली. बेंबीवर तिची दोन टोकं जुळली. मॅग्नस यांनी पोट आत ओढून धरलं होतं, लग्नाच्या फोटोसाठी धरतात तसं. तिला ते स्वच्छ दिसत होतं. तिच्या जिभेवर थट्टा आलीही होती, की श्वास सोडा, नाहीतर नवरी तुमच्याच गळ्यात पडेल. तेवढ्यात ते हळू आवाजात म्हणाले,

"मी नसतो ना, तर आज तुझ्या फितीत तुझ्या स्वतःच्या माणसाची कंबर असती."

असं ते पहिल्यांदाच बोलत नव्हते. वर्षातून एकदोनदा असं काही बोलायचेच. पण तेव्हा ते खुर्चीत असायचे आणि ती चुलीपाशी. इतक्या जवळून कधी बोलले नव्हते. तिचे हात अजून त्यांच्याभोवती होते. आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. तोंड वर करायचीही गरज नव्हती, सदऱ्याच्या बटणाला सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"चाळीस," ती म्हणाली, आणि फीत सोडली.

"चाळीस?"

"चाळीस."

"वाईट नाही," मॅग्नस म्हणाले आणि खाली बसले.

तिनं आकडा भरला, पत्ता भरला, चौदा पौंड जादा मान्य केले. पानावर लिहून आलं की माल ग्लासगोच्या गोदामात तयार आहे, चार दिवसांत निघेल. दुपारी जेसिनाआत्या डोक्याला रुमाल बांधून समोरून आली, उभ्याउभ्याच चित्र पाहिलं आणि म्हणाली, "कापड ठीक आहे. त्याखालचे गुडघे कोण बघणार पण?" मॅग्नस म्हणाले, "विधवा बघतील." आत्या म्हणाली, "विधवांनी काय कमी भोगलंय?" चार वाजता अंधार पडला. खिमा आणि बटाटे झाले. बातम्या झाल्या. घाटात, बेरीडेलपाशी, बर्फ पडणार असं सांगितलं. मॅग्नस यांनी हवामान सांगणाऱ्या माणसाला उद्देशून "तुला काय कळतंय" म्हटलं, आणि जिना चढून झोपायला गेले.

बुधवारी सकाळी ते लापशीला खाली आले नाहीत. ईना चहा घेऊन वर गेली. चहा तिनं त्यांच्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला, पडदा सरकवला, आणि मग तिला कळलं.

*

पुढच्या दिवसांत घर माणसांनी भरलं, आणि ईनाला ते अधिकच लहान वाटू लागलं. डॉक्टर आले आणि गेले. बायका झाकलेल्या थाळ्या घेऊन येत होत्या. अंड्याचे सँडविच, मटण भरलेले पाई, तीन वेगवेगळ्या घरांतून एकाच चवीचा रस्सा. प्रत्येक जण दारात बूट झटकायचा, तिचा हात हातात घ्यायचा आणि तेच म्हणायचा. "तू केलंस पोरी, ते कोणी करत नाही." "आपलं सगळं सोडून आलीस तू." "बापाच्या मनाला ते समाधान तरी होतं." ती मान हलवायची. मान हलवणं बारा वर्षांत अंगवळणी पडलं होतं.

बापाच्या मनाला समाधान नव्हतं. ते फक्त तिला माहीत होतं.

गुरुवारी तिच्या फोनवर दुकानाचा निरोप आला. "मॅग्नस, आनंदाची बातमी! तुमचं पार्सल निघालं आहे." शुक्रवारी आला, "मॅग्नस, तुम्ही घरी असाल ना?" तिनं तो पुसला नाही. घाट बर्फानं बंद झाला होता, रस्त्यावरची फाटकं लावली होती, आणि पार्सल घाटाच्या पलीकडे कुठेतरी अडकलं होतं. मर्डोसुद्धा तिथेच अडकला होता, इन्व्हर्नेसला विमानातून उतरून एका हॉटेलात. फोनवर तो म्हणाला, "कसलं गाव आहे, ईना. आत येता येत नाही."

"बाहेरही जाता येत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"काही नाही. जेवलास का?"

शनिवारी दुपारी फाटकं उघडली. मर्डो आला, आणि त्याच्या पाठोपाठ तासाभरानं पार्सलवाली आली. मर्डोनं सामानातून बापाचा जुना किल्ट काढून पलंगावर पसरला. मंगळवारी तो त्याला अंत्यविधीत घालायचा होता. ईनानं पार्सल फोडलं. जेसिनाआत्यानं नव्या किल्टचं कापड दोन बोटांत धरून चुरगळलं, उजेडात धरलं, लाल रेघ नखानं तपासली.

"लोकर नाही ही."

"एकोणनव्वदला लोकर मिळत नाही, आत्या."

"रेघ मात्र बरोबर आहे." तिनं नाक पुसलं. "त्याला यातच पाठवायचं. लग्नाला नाही जाता आलं, निदान इथून नीट जाऊ दे."

मर्डो म्हणाला, "माझा द्यायचा का? त्यांचाच आहे तो."

"तो चौतीसचा आहे. आता त्यात त्याची एक मांडी मावेल," आत्या म्हणाली. "आणि तू मंगळवारी गावासमोर पॅन्ट घालून उभा राहणार का? पहिला दोर तुझा आहे."

पेटी कबरीत उतरवायचे आठ दोर असतात. कोणता कोणाचा, ते छापलेल्या कार्डांवर ठरतं. डोक्याकडचा पहिला दोर थोरल्या मुलाचा. ईनाला पायाकडचा दुसरा मिळाला होता. आत्यानं यादी वाचून दाखवली तेव्हा तिनं मान हलवली.

"आणि घराचं म्हणशील तर," मर्डो अवघडून म्हणाला, "ते तुझंच. मी काही मागणार नाही. तू राहा इथेच."

"राहील नाही तर काय," आत्या म्हणाली. "जाते कुठे आता?"

*

सोमवारी अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे स्वॉन्सन शवपेटी घेऊन घरी आले. त्यांच्याकडचा एक माणूस बरोबर होता. पुढच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावलं, पेटी तिपायांवर ठेवली, आणि मॅग्नस यांना कपडे घालायला दोघांनी दार लावून घेतलं. त्याच सुमाराला पाद्रीबाई, मिसेस ओग, वही घेऊन आल्या. नव्या होत्या त्या. दोनच वर्षं झाली होती गावात येऊन, आणि मॅग्नस चर्चमध्ये ईस्टर सोडला तर फिरकत नसत. त्यामुळे उद्या त्यांच्याविषयी काय बोलायचं, ते घरच्यांकडूनच लिहून घ्यायचं होतं.

स्वयंपाकघरात चौघं बसली. आत्या सांगत होती, मिसेस ओग लिहीत होत्या. फरशीच्या खाणीत एकेचाळीस वर्षं. एकदाही उशीर नाही. खोटं बोलणार नाही, आणि खरं बोलला तर समोरच्याला जेवण जाणार नाही. बायको लवकर गेली. नाच चांगला करायचा. पत्त्यात चोरायचा.

"पत्त्याचं वगळते," मिसेस ओग म्हणाल्या.

"वगळा, पण माहीत असू द्या. आणि आता मुख्य लिहा." आत्यानं ईनाच्या हातावर हात ठेवला. "ही पोरगी. शिक्षिका होती एडिंबरात, नाव होतं तिचं. बापाला झटका आल्याचा निरोप मिळाला तशी उठली आणि आली. पुन्हा मागे वळून पाहिलं नाही. तेव्हा तिशीची होती. लग्न नाही, पोर नाही. सगळं या घरावर ओवाळून टाकलं. हे सगळ्या गावासमोर म्हटलं गेलं पाहिजे."

"बरोबर आहे," मर्डो खाली बघत म्हणाला. "मी नव्हतो इथे. ती होती. ते म्हटलंच पाहिजे."

मिसेस ओग यांचं पेन वहीवर चाललं होतं. ईना त्या पेनाकडे बघत होती. इतके दिवस ती गोष्ट माणसांच्या तोंडी होती, आज पहिल्यांदाच कागदावर उतरत होती. उद्या ती चर्चमध्ये वाचली जाणार, सगळे ऐकणार, आणि मग पेटीबरोबर खाली जाणार. त्यानंतर ती खोटी आहे असं म्हणायला कोणाला तोंड राहणार नव्हतं.

"असं म्हणते मी," मिसेस ओग म्हणाल्या, आणि वाचू लागल्या. "‘मॅग्नस यांना एक सुख लाभलं, जे थोड्यांना लाभतं. हाक ऐकताच सगळं सोडून धावून आलेली मुलगी.’ ईना, यात काही बदलायचंय? काही जोडायचंय?"

सगळे तिच्याकडे बघत होते. प्रेमानं बघत होते, तीच तर अडचण होती.

"नाही," ईना म्हणाली.

पुढच्या खोलीचं दार उघडलं. स्वॉन्सन दारात उभे राहून घसा खाकरत होते. "मिस गन, जरा येता का? किल्टचं थोडं आहे."

ती उठली. तिच्यामागे आत्याही उठली, मग मर्डो. मिसेस ओग वही छातीशी धरून उंबऱ्याशी थांबल्या.

मॅग्नस पांढऱ्या सदऱ्यात होते. कोणीतरी भांग चुकीच्या बाजूला पाडला होता. किल्ट कमरेला लावला होता, पण कडेचे पट्टे आणि त्यांची बकलं यांच्यात चांगलं चार बोटं अंतर होतं.

"जुळत नाही," स्वॉन्सन म्हणाले. "पण काळजीचं कारण नाही. पुढचा भाग नीट पसरतो, मागचं कोण बघतंय. आमच्याकडे निम्मे असेच येतात. माप देताना या भागातला एकही पुरुष श्वास सोडत नाही."

आत्याला एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "मॅग्नस, अरे गाढवा!" ती पेटीकडे वाकून म्हणाली. "मेल्यावर उघडा पडलास." मग तिनं ईनाकडे मोर्चा वळवला. दुःख कुठेतरी काढायचं होतं तिला. "माप कोणी घेतलं होतं?"

"मी."

"एवढी शिकलेली तू. तुला कळलं नाही, त्यानं पोट ओढून धरलंय ते?"

"कळलं होतं."

"मग सोड म्हणायला काय झालं होतं? एक शब्द! तेवढा बोलली असतीस तर आज हा असा—"

"जाऊ दे ना, आत्या," मर्डो म्हणाला.

"जाऊ कशी देऊ? मी विचारतेय फक्त. का नाही बोललीस?"

ईना त्या चार बोटांच्या फटीकडे बघत होती. फटीतून सदऱ्याचं पांढरं दिसत होतं. खोलीत मेणाचा आणि ताज्या लाकडाचा वास होता, खिडकी बंद, दारात माणसं. बाहेर पडायला वाट नव्हती, आणि तिला अचानक वाटलं की बाहेर पडायचंही नाही.

"ते तेव्हा काहीतरी बोलले," ती म्हणाली. "मला ते ऐकून घ्यायचं नव्हतं. म्हणून मी दिसला तो आकडा लिहिला आणि बाजूला झाले."

"काय बोलला?"

"की ते नसते, तर माझा संसार झाला असता."

आत्यानं सुस्कारा टाकला. तिचा आवाज मऊ झाला. "अगं, खरंच आहे ना ते. त्याला कळत होतं सगळं."

"त्यांना कळत नव्हतं. खरं नाहीये ते."

"ईना," मर्डो म्हणाला, "आत्ता नको. दमलीयस तू. ये, बस जरा."

"बसते. मग बसते."

स्वॉन्सननी आपल्या माणसाला खूण केली, आणि ते दोघं भिंतीपाशी सरकले. ईना पेटीजवळ गेली. आधी तिनं बापाचा भांग बोटांनी मोडला आणि डावीकडे पाडला. केस थंड होते. मग ती बोलली. आवाज मोठा नव्हता, पण उंबऱ्यापर्यंत पोचत होता, आणि पोचतोय हे तिला माहीत होतं.

"बाबा, मी तुमच्यासाठी आले नव्हते. निरोप मिळून आले नव्हते. तुम्हाला झटका यायच्या अकरा दिवस आधीच आले होते. मला शाळेत जाता येईना म्हणून पळून आले होते. तुम्ही दारात बसून बुटांना पॉलिश करत होतात. धडधाकट होतात. मला विचारलंत, शाळेला सुट्टी आहे का, आणि मी हो म्हणाले. नंतर तुम्हाला त्यातलं काही आठवेना, आणि मी आठवण करून दिली नाही. मला तुम्ही अडकवलं नव्हतं, बाबा. एक दिवससुद्धा नाही. मला तुमच्याकडेच राहायचं होतं."